'लुकिंग फॉरवर्ड टू': सुरुवातीला एवढंच सांभाळा

तुमच्या अर्जाच्या ईमेलचा मसुदा वाचला. मजकूर नेटका आहे, फक्त शेवटच्या ओळीत 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' (तुम्हाला भेटायची उत्सुकता आहे) झालंय. तिथे 'टू मीटिंग यू' हवं. ही चूक फार जणांची होते, कारण 'टू' दिसला की पुढे मूळ क्रियापद लिहायचं हे शाळेपासून हातात बसलेलं असतं. 'आय वॉन्ट टू मीट यू' मध्ये ते बरोबरच आहे. इथला 'टू' मात्र शब्दयोगी अव्यय आहे, त्याच्यापुढे नाम किंवा 'इंग' लागलेलं रूपच येतं.

शंका आली तर 'टू'नंतर 'इट' (it, म्हणजे 'ते') घालून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू इट' चालतं, म्हणजे 'मीटिंग', 'हिअरिंग', 'वर्किंग' बिनधास्त लिहा. 'वॉन्ट टू इट' चालत नाही, म्हणून तिथे मूळ क्रियापद.

आणखी दोन गोष्टी:
- 'टू' गाळू नका. 'लुकिंग फॉरवर्ड युअर रिप्लाय' अपुरं आहे.
- 'आय ॲम लुक फॉरवर्ड' नको. औपचारिक पत्रात 'आय लुक फॉरवर्ड टू', ओळखीच्या माणसाला 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू'.

ओळ दुरुस्त करा आणि आजच पाठवून टाका, अर्ज छान झालाय.