जर्मन नागरिकत्व, भारतीय पासपोर्ट आणि साताऱ्याची दोन एकर

प्रश्न : मी बारा वर्षं म्युनिकमध्ये आहे. मे 2025 मध्ये जर्मन नागरिकत्व घेतलं. जर्मनीत आता दुहेरी नागरिकत्व चालतं, म्हणून भारतीय पासपोर्टही ठेवला. त्याची मुदत 2031 पर्यंत आहे. ऑगस्टमध्ये वडील गेले तेव्हा त्यावरच आलो. आता वर्षश्राद्धाला यायचंय. साताऱ्याजवळ वडिलांच्या नावे दोन एकर बागायत आहे. धाकटा भाऊ म्हणतो, तू परदेशी नागरिक झालास, तुझं नाव सातबाऱ्यावर लागणार नाही, हक्कसोडपत्र पाठवून दे. आई गप्प आहे. काय करू?

उत्तर : आधी पासपोर्टचं बोलू, कारण ते जास्त घाईचं आहे. तो घेऊन विमानात बसू नका. 27 जून 2024 पासून जर्मनीने जुनं नागरिकत्व सोडण्याची अट काढली हे खरं. पण तो जर्मनीचा कायदा. आपल्या नागरिकत्व कायदा 1955 च्या कलम 9 प्रमाणे स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. त्यासाठी अर्ज लागत नाही की कुणी पत्र पाठवत नाही. मुदत 2031 ची असली तरी तुमचा पासपोर्ट त्याच दिवशी कामातून गेला. ऑगस्टमध्ये परतताना इमिग्रेशनवर कुणी जर्मनीत राहण्याचा परवाना मागितला नाही, हे नशीब समजा.

म्युनिकच्या भारतीय कौन्सुलेटकडे पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्या. ऑगस्टचा प्रवास लपवू नका. दंड भरावा लागेल, पण खोटी माहिती त्याहून महागात पडते. ओसीआय कार्डासाठीही (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते कार्ड) हे सर्टिफिकेट लागतं. वर्षश्राद्धापर्यंत कार्ड हातात येईलच असं धरून चालू नका. जर्मन पासपोर्टवर ई-व्हिसा काढा आणि पूर्वीचं नागरिकत्व विचारलंय तिथे ‘भारतीय’ लिहा. मतदार यादीत नाव असेल तर तेही वगळून घ्या.

आता जमीन. भावाचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि घरोघरची भांडणं या अर्ध्यावरच पेटतात. परदेशी नागरिकाला, अगदी ओसीआय कार्डधारकालाही, भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने येणारी जमीन ही वेगळी गोष्ट. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 28 सांगतं की त्या कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय कुणीही वारस म्हणून अपात्र ठरत नाही. त्या कारणांत ज्याची मालमत्ता मिळायची त्याच्याच खुनाचा समावेश आहे, परदेशी नागरिकत्वाचा नाही. फेमा या परकीय चलन कायद्याच्या कलम 6(5) नेही भारतात राहणाऱ्या माणसाकडून वारसाने आलेली मालमत्ता तुम्हाला ठेवता येते. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर आई, भाऊ आणि तुम्ही, तिघांचा सारखा हिस्सा. पत्रात बहिणीचा उल्लेख नाही. असेल तर तिचाही, लग्न झालेलं असलं तरी. पुढेमागे विकायचं ठरलं तर गिऱ्हाईक भारतात राहणारं आणि महाराष्ट्राच्या कूळकायद्याप्रमाणे शेतकरी असावं लागेल.

हक्कसोडपत्र ‘पाठवून’ होत नसतं. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं आणि एकदा नोंदवलं की मागे घेणं फार कठीण. भाऊ शेत कसतोय, आईला सांभाळतोय, म्हणून तुम्हाला मनापासून द्यायचं असेल तर जरूर द्या. ‘तुझा हक्कच नाही’ या बोलण्यावर मात्र सही करू नका. आणि आईला एकदा वेगळा फोन करा, भाऊ घरात नसताना. तिचाही हिस्सा आहे, आणि तिच्या गप्प राहण्याचा अर्थ तुम्ही-मी लावून उपयोग नाही.

तुमच्या वतीने तिथे कुणी धावपळ करणार असेल तर कुलमुखत्यारपत्र फक्त वारस नोंदीपुरतं करा, विक्रीचा अधिकार त्यात घालू नका. त्यावर कौन्सुलेटमध्ये साक्षांकन घ्या. कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरायला हवा, ही तारीख बहुतेकजण विसरतात.

भावाने परस्पर वारस नोंदीचा अर्ज दिला असेल, तर फेरफाराच्या नोटिशीवर हरकतीला पंधरा दिवस असतात. ही नोटीस ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर म्युनिकमधूनही दिसते. नोंद मंजूर झाली असली तरी हिस्सा बुडत नाही. सातबारा महसुली नोंद आहे, मालकी त्यावरून ठरत नाही. फक्त मग प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करावं लागतं. आजच गाव आणि गट नंबर टाकून बघा, आणि फेरफार क्रमांक दिसला तर तारखेसकट मला कळवा.