'मृग निघाला' म्हणजे आला की गेला?

प्रश्न असा आहे: साताऱ्याकडचे आजोबा जूनमध्ये 'मृग निघाला' म्हणतात आणि लगेच घरात पेरणीची धांदल सुरू होते. पण निघाला म्हणजे गेला ना? शिवाय तारे तर जागचे हलत नाहीत, मग मृग निघतो कुठून?

आधी क्रियापद बघू. लोणंदच्या माणसाला 'पालखी निघाली' असं कळलं, तर ती गेली असं तो समजत नाही. ती आपल्याकडे यायला लागली म्हणून तो तयारीला लागतो. 'ऊन निघालं', 'कोंब निघाला' यांतही निघणं म्हणजे दिसू लागणं, सुरू होणं. आजोबांचा 'निघाला' तोच. संपल्यावर ते 'मृग गेला' म्हणतील, पाऊस झालाच नसेल तर 'मृग कोरडा गेला'.

आता निघतं कोण? 7-8 जूनला मृगात शिरतो तो सूर्य. तेही आपल्याला तसं दिसतं म्हणून. पृथ्वी सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर वेगाने सूर्याभोवती फिरते, त्यामुळे सूर्यामागच्या चांदण्या बदलत जातात. वर्षाचे 27 वाटे केले की एकेका नक्षत्राला साडेतेरा दिवस येतात. म्हणूनच मृग निघतो तेव्हा आकाशात मृग शोधून सापडत नाही, तो सूर्याच्या उजेडात बुडालेला असतो. तो बघायचा तर जानेवारीत, माण-खटावात शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, राखणीला. रात्री दहा-साडेदहाला 'तिकांडं' डोक्यावर येतं आणि पहाटे मावळतीला टेकतं, त्यावर लोक वेळ ओळखत. तिकांडं म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे. पाऊस मोजायला मृग आणि रात्र मोजायला तिकांडं, अशी दोन कामांना दोन नावं आहेत. मला ही वाटणी फार आवडते.

'तारे हलत नाहीत' हे मात्र सोडून द्यायला हवं. 'नक्षत्र' या शब्दाची 'न क्षरति', म्हणजे जे झिजत नाही ते, अशी फोड सर्रास सांगतात. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या 'निरुक्त' या जुन्या ग्रंथात यास्कांनी मात्र तो 'नक्ष्' धातूपासून, गती या अर्थाने, लावला आहे. मी यास्कांच्या बाजूचा. 1718 साली इंग्रज खगोलशास्त्रज्ञ हॅलीने जुन्या नोंदींशी ताडून दाखवलं की स्वाती, व्याध, रोहिणी हे तारे जागेवरून सरकले आहेत. स्वाती तर सुमारे 800 वर्षांत चंद्रबिंबाच्या रुंदीइतकी सरकते. एका आयुष्यात ते डोळ्यांना जाणवत नाही, इतकंच.

आणि दिसते ती स्वाती आजची नसतेच. प्रकाश सेकंदाला जवळपास 3 लाख किलोमीटर धावतो, तरी तिथून इथे पोचायला त्याला सुमारे 37 वर्षं लागतात. म्हणून ती 37 प्रकाशवर्षं दूर. 'प्रकाशवर्ष' हे अंतराचं माप आहे, काळाचं नव्हे. 'कित्येक प्रकाशवर्षांपूर्वी' असं लिहिलेलं दिसलं की खोडावं.

'पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती' या म्हणीतल्या स्वाती म्हणजे ऑक्टोबरअखेरचा पाऊस, शाळूला जीव देणारा. तिथेही चालतो सूर्यच, नाव ताऱ्याचं. तेव्हा आजोबांचं वाक्य सुधारून 'मृग नक्षत्रास प्रारंभ झाला' असं करू नका. 'मृग निघाला' असंच लिहा.