भाड्यातून घर घेण्याआधी

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

वाकडच्या फ्लॅटचे कागद व्हॉट्सअ‍ॅपवर आले, सावकाश वाचले. एजंटने मांडणी झकास केली आहे. किंमत 60 लाख, आज 5 लाख, मग तीन वर्षं दरमहा 30 हजार आणि त्यातले 12 हजार किमतीत वळते. भाडं वाया जात नाही, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. पण तिसऱ्या वर्षाच्या शेवटी काय होतं ते बघ.

5 लाख आणि 36 महिन्यांचे 4 लाख 32 हजार, म्हणजे जमा 9 लाख 32 हजार. बाकी 50 लाख 68 हजार तेव्हा एकदम द्यायचे. तेवढं गृहकर्ज मिळेलच असं तू धरून चाललायस. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 ते 75 लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे 48 लाखच. वर मुद्रांक शुल्क 7 टक्क्यांनी 4 लाख 20 हजार आणि नोंदणी फी 30 हजार. हा खर्च बँक किमतीत धरत नाही. ऐन वेळी सात लाखांच्या वर पैसे स्वतःचे काढावे लागणार. भाव वाढला तरी बँका सहसा करारातली किंमत आणि मूल्यांकन यांतली कमी असेल तीच धरतात. आणि पैसे नाही जमले तर? कलम 9 वाचलंस का? ठरल्या तारखेला खरेदी नाही झाली तर जमा रक्कम मालकाची.

आता भाड्याचा एक आणि खरेदीचा एक असे कागद दोन का, ते सांगतो. महाराष्ट्रात ताबा देणारा विक्री करार, म्हणजे पुढे विकायचं ठरवणारा कागद, मुद्रांकासाठी प्रत्यक्ष खरेदीखतासारखाच धरतात. तो खर्च आज नको, म्हणून अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा कागद, वेगळं नोंदवायचं आणि विक्री करार 500 च्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून ठेवायचा. गळती निघाली की दुरुस्तीपुरता तू मालक, हप्ता चुकला की तू भाडेकरू! नुसत्या विक्री करारामुळे घरात हक्क निर्माण होत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 मध्येच लिहिलंय.

मला खरी धास्ती आहे ती मालकाच्या कर्जाची. कागदात ते एका ओळीत उरकलंय: ‘सदर मिळकतीवर बँकेचा बोजा आहे.’ किती, कोणाचा, हप्ते चालू आहेत का, काही नाही. तू महिन्याच्या महिन्याला पैसे भरशील आणि तो बँकेला भरणार नाही, असं झालं तर सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याखाली बँक त्याला 60 दिवसांची नोटीस काढते आणि पुढे घराचा ताबा घेते. तुझ्याआधीचं गहाण आहे, तुझा नोटरी केलेला कागद तिथे कोण बघतो? तुझ्या 30 हजारांतून त्याचा हप्ता थेट त्याच्या कर्जखात्यात जाईल, अशी अट घाल. कुरकुर करेल, करू दे.

व्यवहार मोडूच असं मी म्हणत नाही. उपनगरात भाडी बघता हौस समजते. पण विक्री करार नोंदवून घे, म्हणजे इंडेक्स टू या नोंदणी कार्यालयाच्या सूचीत तुझं नाव दिसेल आणि मालकाला फ्लॅट परस्पर दुसऱ्याला विकणं अवघड जाईल. मुद्रांकाचा खर्च आज पडला तरी चालेल. खरेदी फसली तर मालकाने ठेवून घ्यायची रक्कम पाच लाखांतल्या एखाद्या भागापुरती ठेव; वळते होणारे 12 हजार परत मिळालेच पाहिजेत. खरेदीची तारीख स्पष्ट लिही. ती उलटल्यावर करार पुरा करून घेण्यासाठी दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे ‘बघू पुढे’ म्हणत बसू नकोस. पैसे एकही रोखीने नाहीत. व्यवहार 50 लाखांवरचा आहे, तेव्हा 1 टक्का टीडीएस, म्हणजे मालकाला द्यायच्या पैशांतून कापायचा आयकर, तूच कापून भरायचास, आगाऊ रकमेवरसुद्धा. हे एजंट लोक हमखास सांगायचे विसरतात.

रविवारी येशील तेव्हा मालकाच्या कर्जखात्याचा उतारा, सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र आणि शेअर सर्टिफिकेटची प्रत घेऊन ये. उताऱ्यासाठी तो टाळाटाळ करायला लागला तर पाच लाखांचा चेक लिहू नकोस, आधी मला फोन कर.

तुझा,
मामा