कापसाची थकलेली काळी जमीन बायोचार आणि मायकोरायझाने सावरेल का?

माजलगाव भागातील आपल्या जमिनीत वर्षानुवर्षे कापूस आणि सोयाबीन घेतल्याने उतारा घटत चालला आहे आणि बायोचार (पिकांचे अवशेष कमी हवेत जाळून केलेला कोळसा) व मायकोरायझाने (मुळांशी जोडून राहणारी बुरशी) ती सावरेल का, असे आपण विचारले आहे. सावरू शकेल, परंतु व्हिडिओंत दाखवतात तसा ट्रॉलीभर कोळसा ओतून नव्हे.

बायोचारचा बोलबाला मुख्यतः ॲमेझॉनच्या खोऱ्यासारख्या आम्लधर्मी जमिनींमुळे झाला. तेथे कोळशाबरोबरच्या राखेने सामू (जमिनीचा पीएच) वाढतो आणि पीक सुधारते. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीचा सामू मुळातच बहुधा ८ च्या आसपास असतो, त्यामुळे जास्त कोळसा टाकल्यास स्फुरद, जस्त आणि लोह पिकाला मिळणे आणखी अवघड होऊ शकते. म्हणून मी तो बेतानेच आणि फक्त ओळीत देतो.

पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) बांधावर जाळण्याऐवजी शंकूच्या आकाराच्या खड्ड्यात वरून पेटवाव्यात, वरच्या थरावर पांढरी राख धरू लागली की पुढचा थर द्यावा आणि शेवटी भरपूर पाणी मारून विझवावे. (उरल्यासुरल्या बोंडांतील गुलाबी बोंडअळीही त्यात जाते, हा वरचा फायदा.) चांगला कोळसा कुरकुरीत मोडतो आणि हाताला लागलेली काजळी साबणाशिवाय धुऊन जाते, हात चिकट राहिले तर तो कच्चा समजावा. कोराच टाकला तर पिकाच्या वाट्याचे नत्र तो स्वतःच धरून बसतो, म्हणून गोमूत्र शिंपडून शेणखतात काही आठवडे मुरवावा.

मायकोरायझा ही बुरशी जिवंत मुळांच्या आधारानेच वाढते आणि मुळे पोहोचत नाहीत तेथील स्फुरद आपल्या तंतूंनी आणून देते, त्यामुळे ती शेतभर फेकून उपयोग नाही. कापसाचे बियाणे बहुधा बुरशीनाशक लावूनच येते, तेव्हा बियाण्याला चोळण्यापेक्षा टोकणीच्या वेळी बियाण्याखाली मातीत द्यावी. डीएपी या स्फुरदयुक्त खताचा डोस भरमसाट असेल तर झाड या बुरशीला फारसा थारा देत नाही. दुकानदार हे सांगत नाही, कारण दोन्ही पिशव्या त्यालाच विकायच्या असतात. ट्रायकोडर्मा वेगळी, ती तूर-हरभऱ्याच्या मर रोगासाठी वापरतात. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी ठेवल्यास सोयाबीन निघून गेल्यावरही शेतात जिवंत मुळे राहतात, आणि ते मला कोणत्याही पाकिटापेक्षा महत्त्वाचे वाटते.

आधी माती तपासून सेंद्रिय कर्ब, सामू आणि जस्त पाहावे. जस्त कमी निघाले तर झिंक सल्फेट वेगळे द्यावेच लागेल, आणि पहिल्या वर्षी चार-सहा ओळी काहीही न टाकता तशाच ठेवाव्यात, म्हणजे वेचणीला फरक समोरासमोर दिसेल.