'विलगीकरण' नको, 'एकात्मता'ही नको

अमेरिकेतल्या शाळांवरचा लेख मराठीत आणताना एका वाचकाने 'सेग्रिगेशन'ला विलगीकरण, 'डीसेग्रिगेशन'ला निर्विलगीकरण आणि 'इंटिग्रेशन'ला एकात्मता असे शब्द योजले आहेत. हे शब्द चालतील का, आणि शेवटचे दोन एकच नव्हेत का, असा त्यांचा प्रश्न आहे.

विलगीकरण करोनाच्या काळात घरोघरी पोचले आणि रुग्णाच्या काळजीशी जोडले गेले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांनी काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत येऊ दिले नाही, त्यात काळजी कसली? तो कायदा होता. १८९६ मध्ये प्लेसी खटल्यात (तो रेल्वेच्या डब्यांवरून झाला होता) सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' म्हणत अशा कायद्यांना मान्यता दिली. पृथक्करण म्हटले की रसायनशास्त्र आठवते. म्हणून मी 'वंशवार वेगळ्या शाळांची सक्ती' असे लिहीन. लांब आहे, पण सक्ती हा शब्द गाळू नये.

उरलेले दोन शब्द एक नव्हेत. १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात न्यायालयाने एकमताने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. पण त्याने मुले एकत्र आली नाहीत. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर १९५९ पासून पाच वर्षे सगळ्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या. त्याच राज्यातल्या न्यू केंट काउंटीने मुलांना शाळा निवडण्याची मुभा दिली. तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने काळ्यांची शाळा निवडली नाही आणि ८५ टक्के काळी मुले जुन्याच शाळेत राहिली. १९६८ मध्ये न्यायालयाने सांगितले की एवढी मुभा पुरेशी नाही, दुहेरी व्यवस्था मुळातून संपवा. तेव्हा डीसेग्रिगेशन म्हणजे 'वेगळ्या शाळा बंद करणे'. निर्विलगीकरणाची गरज नाही. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या सरकारी शाळांत घेण्याचा हुकूम काढला. हे सांगायला मराठीला आजही साधे शब्द पुरतात.

इंटिग्रेशन ही त्यानंतरची गोष्ट. एकात्मता मनाची असते, ती हुकमाने येत नाही, आणि न्यायालयाने ती मागितलीही नव्हती. काही जण 'सामावून घेणे' लिहितात. तो मला सर्वांत घातक वाटतो, कारण सामावून घेणारा आपोआप घरमालक ठरतो. दक्षिणेत प्रत्यक्षात बरेचदा तसेच घडले: काळ्यांच्या शाळा बंद झाल्या, तिथल्या हजारो काळ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि मुले गोऱ्यांच्या शाळांत पाहुण्यासारखी बसली. जो शब्द हे झाकतो तो टाळावा. 'एकत्र शाळा', 'एकत्र शिक्षण' म्हणावे. शाळा कोणाची, हे त्यात आधीच ठरून जात नाही.

लेखात 'रेशियल इक्विटी'ही येईल. तिथे नुसती 'समानता' कमी पडते, 'वांशिक समन्याय' लिहावे. 'समन्यायी पाणीवाटप' आपल्याकडे चळवळीतून रुळले आहेच. अमेरिकेत शाळांचा बराच पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो, त्यामुळे गरीब वस्तीची शाळा गरीबच राहते. १९७३ मध्ये टेक्सासच्या रॉड्रिग्ज खटल्यात न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ही पद्धत घटनेविरुद्ध नाही असे म्हटले. कराचा दर सगळीकडे सारखा ठेवला तरी ही तफावत राहते, आणि 'समन्यायी निधी' हा शब्द नेमका तिच्यावर बोट ठेवतो.