एकही तक्रार नसलेला विभाग

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू पुन्हा पुन्हा एकच विचारत होतीस, "मॅडम, मी भित्री आहे का?" नाहीस. गोवंडीत घरोघरी जाऊन भरायचे सर्वेक्षणाचे फॉर्म विभागातच टेबलाशी बसून भरलेले तू पाहिलेस. एकच निळं पेन, एकाच वळणाचं अक्षर, आणि "घरात माणसं किती" या रकान्यात पानामागून पान ५. तरी तू गप्प राहिलीस, कारण फेलोशिपच्या कागदावर गाइडची सही लागते, प्रगती अहवालावर लागते, पुढे शिफारसपत्रही त्यांचंच लागणार. भाईंदरच्या खोलीचं भाडंही त्याच फेलोशिपमधून जातं. तुझ्याआधी कुणी बोललं तेव्हा त्याचं काय झालं, हेही तू पाहिलं आहेस. माणूस तोंड उघडतो की नाही, हे बरंचसं तिथेच ठरतं.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत औषधांच्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. नोंदी मात्र तिथेच जास्त निघाल्या. तिथली माणसं चुका मोकळेपणाने सांगत होती, असा अर्थ त्यांनी लावला. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, भेटीत एखादे विभागप्रमुख अभिमानाने "आमच्याकडे एकही तक्रार नाही" म्हणाले की मला धास्ती वाटायची, ती यामुळेच.

पण गप्प राहूनही चालणार नाही. त्या फॉर्मांवरून उद्या अहवालात छापून येईल की गोवंडीत पाण्याची अडचण फारशी नाही, आणि तिथली बाई हंडे घेऊन टँकरपाशी उभीच असेल. याचा मला मनापासून संताप येतो.

आधी वातावरणाचा अंदाज घे. मीटिंगमध्ये साधेपणाने विचार, "घरभेटींच्या नोंदींची फील्ड डायरी कुठे ठेवली आहे?" त्या उत्तरापेक्षा पुढच्या आठवड्यात काय होतं त्याकडे लक्ष दे. मेलमधून तुझं नाव गळतं का, डबा खायला बोलावणं बंद होतं का, की कुणी हळूच येऊन "बरं झालं विचारलंस" म्हणतं? तसं म्हणणारा माणूस जप.

तारीखवार नोंद स्वतःच्या वहीत ठेव. काय पाहिलंस तेवढंच लिही. कुणी का केलं असेल ते नको. मूळ फॉर्म घरी आणू नकोस. त्यांत लोकांची नावं-पत्ते असतात आणि उद्या चोरीचा आळ तुझ्यावरच येईल. ज्यांनी ते फॉर्म भरले त्या मुलांवर डूख धरू नकोस. त्यांना बहुधा वरून सांगितलं गेलं असेल आणि तेच तुझे साक्षीदार ठरू शकतात.

यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८चे नियम वाङ्मयचौर्यासाठी आहेत, रचलेल्या आकड्यांना ते नीट लागू पडत नाहीत. शिवाय त्यांतल्या विभागीय समितीचे अध्यक्ष विभागप्रमुखच असतात. त्यामुळे तू कुलसचिवांकडे आणि प्रकल्पाला पैसे देणाऱ्या संस्थेकडे लेखी अर्ज कर. आवक-जावक टेबलावर पोच घेतल्याशिवाय हलू नकोस. शिक्का, तारीख, आवक क्रमांक, तिन्ही हवेत. उत्तर आलं नाही तर त्याच क्रमांकावर माहिती अधिकाराचा अर्ज टाक. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. (लैंगिक छळाची बाब असती तर मी तुला इतकं थांबायला सांगितलंच नसतं. अंतर्गत समितीकडे जायची मुदत ३ महिन्यांची असते, ती वाढवून मिळेल या भरवशावर राहू नये.)

संरक्षणाबद्दल तुला खोटा धीर देणार नाही. जागल्यांसाठीचा, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठीचा, कायदा २०१४ साली संमत झाला, पण तो अमलात आलेला नाही. म्हणून अर्जावर एकटीची सही नको. निदान आणखी एकाची तरी हवी.

शनिवारी दुपारी घरी ये. वही आण, सही करायला आणखी कुणी तयार असेल तर त्यालाही घेऊन ये. मसुदा आपण एकत्र बसून करू.

तुझी,
मॅडम