स्पर्सची खेळाडू-निवड : नशीब किती आणि पारख किती?

प्रश्न : अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत सॅन अँटोनियो स्पर्स संघाने पाच विजेतेपदे मिळवली आहेत. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, या संघाला तीनदा पहिला क्रमांक मिळाला आणि तिन्ही वेळा असामान्य खेळाडू हाती लागला. मग या यशाचे श्रेय पारखीला द्यायचे की नशिबाला? शिवाय पहिला क्रमांक दुबळ्या संघासाठीच असेल, तर त्यात नशिबाचा संबंध येतोच कुठे?

उत्तर : आपल्या दुसऱ्या शंकेचे निरसन आधी करतो. तळाच्या संघाला पहिला क्रमांक हमखास मिळू लागला, तर संघ मुद्दाम हरू लागतील, म्हणून १९८५ पासून या क्रमांकासाठी सोडत काढली जाते. सध्याच्या पद्धतीत १ ते १४ आकडे लिहिलेले चौदा चेंडू यंत्रात फिरवून त्यांतून चार बाहेर काढतात. चार आकड्यांच्या अशा १००१ जुळण्या होतात. त्यांपैकी १००० जुळण्या बाद फेरी न गाठलेल्या संघांमध्ये वाटलेल्या असतात आणि तळाच्या तीन संघांच्या वाट्याला प्रत्येकी १४० येतात. म्हणजे कितीही वाईट खेळले तरी पहिल्या क्रमांकाची शक्यता १४ टक्क्यांच्या वर जात नाही.

स्पर्सना पहिला क्रमांक १९८७, १९९७ आणि २०२३ मध्ये मिळाला आणि त्यांनी अनुक्रमे डेव्हिड रॉबिन्सन, टिम डंकन आणि व्हिक्टर वेम्बन्यामा यांची निवड केली. यांतील १९९७ ची सोडत निव्वळ दैवयोगाची होती. त्या हंगामात दुखापतींमुळे रॉबिन्सन अवघे सहा सामने खेळू शकले आणि एरवी बलाढ्य असलेला संघ ८२ पैकी ६२ सामने हरला. तरीही पहिल्या क्रमांकाची सर्वाधिक शक्यता बोस्टन सेल्टिक्सची होती, कारण स्वतःच्या निवडीच्या हक्काबरोबर डॅलस संघाचा हक्कही व्यवहारात त्यांच्याकडे आलेला होता. प्रत्यक्षात बोस्टनच्या वाट्याला तिसरा आणि सहावा क्रमांक आला, तर डंकन स्पर्सकडे गेले. सेंट क्रॉई बेटावरचा हा मुलगा मुळात जलतरणपटू होता. १९८९ च्या ह्यूगो चक्रीवादळात बेटावरचा तरणतलाव उद्ध्वस्त झाला आणि त्यानंतर तो बास्केटबॉलकडे वळला. पण ड्राफ्टपर्यंत सर्वांच्या नजरेत भरलेल्या अशा खेळाडूची पहिल्या क्रमांकावर निवड करायला फारशी पारख लागत नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

मात्र, केवळ पहिल्या क्रमांकांवरून या संघाचे मोजमाप केले, तर त्याचे खरे वैशिष्ट्य निसटते. ते वैशिष्ट्य म्हणजे वाट पाहण्याची तयारी. रॉबिन्सन नौदल अकादमीचे पदवीधर असल्याने निवडीनंतर त्यांना दोन वर्षे नौदलात सेवा करायची होती. तेवढा काळ संघ थांबला. १९८८-८९ मध्ये फक्त २१ सामने जिंकलेल्या स्पर्सनी रॉबिन्सन रुजू होताच पुढच्या हंगामात ५६ सामने जिंकले.

मला स्वतःला मात्र या तिन्ही निवडींपेक्षा १९९९ मधील ५७ वी निवड अधिक मोलाची वाटते. त्या वर्षी एकूण ५८ खेळाडूच निवडले जाणार होते. अर्जेंटिनाच्या मानू जिनोबिली यांना स्पर्सच्या व्यवस्थापनातील आर. सी. ब्युफर्ड यांनी १९९७ मध्ये मेलबर्न येथील २२ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत पाहून ठेवले होते. निवड झाल्यावरही त्यांना लगेच न बोलावता इटलीत खेळू दिले. तिथे बोलोन्याच्या संघाबरोबर २००१ मध्ये युरोलीग ही युरोपातील क्लब संघांची स्पर्धा जिंकून, पूर्ण तयार होऊन ते २००२ मध्ये सॅन अँटोनियोला आले. फ्रान्सच्या टोनी पार्कर यांची गोष्ट याहून निराळी आहे. पहिल्या चाचणीत प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांच्यावर त्यांची छाप पडली नव्हती; तरीही त्यांना पुन्हा बोलावून पाहिले गेले आणि २००१ मध्ये २८ व्या क्रमांकावर त्यांची निवड झाली. २००७ च्या अंतिम मालिकेचे सर्वोत्तम खेळाडू तेच ठरले. डंकन, जिनोबिली आणि पार्कर या तिघांनी मिळून चार विजेतेपदे जिंकली. ज्या क्रमांकांवर इतर संघ फारशी अपेक्षाच ठेवत नाहीत, तिथून तिघांपैकी दोघे आले होते, हे विसरून चालणार नाही.

अर्थात, प्रत्येक वेळी हे साधले असे नाही. २००२ मध्ये ५६ व्या क्रमांकावर निवडलेल्या लुईस स्कोला यांची स्पर्सनी पाच वर्षे वाट पाहिली आणि अखेर त्यांचे हक्क ह्यूस्टनला देऊन टाकले. उलट २०११ मध्ये त्यांनी जॉर्ज हिल हा घडवलेला, संघात रुळलेला खेळाडू इंडियानाला दिला आणि १५ व्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या क्वाय लेनर्ड यांना मिळवले. २०१४ च्या विजेतेपदात अंतिम मालिकेचे सर्वोत्तम खेळाडू लेनर्डच होते.

म्हणून आपल्या मुख्य प्रश्नाचे माझे उत्तर असे की, डंकन आणि वेम्बन्यामा नशिबाने आले, पण जिनोबिली, पार्कर आणि लेनर्ड पारखीने व धीराने आले. आणि पाच विजेतेपदांसाठी दोन्हींची गरज होती. ही वाट पाहण्याची सवय अजूनही मोडलेली नाही. २०२४ मध्ये चौथ्या क्रमांकावर स्टीफन कॅसल यांची निवड केल्यावर हाती असलेली आठवी निवड स्पर्सनी मिनेसोटाला दिली. बदल्यात घेतलेल्या गोष्टींत त्या संघाची २०३१ मधील पहिल्या फेरीची निवड आहे, आणि तिच्यातून जो कोणी येईल, तो त्या व्यवहाराच्या वेळी बहुधा शाळेतच असेल.